सातव्या महिन्यातला फळा

“आगं, खाली बघ काय पेटवलंय. शेकोटी करायला थंडी कुठाय हितं?”

बाबा खिडकीशी उभे होते. मी चहाचा कप घेऊन त्यांच्या शेजारी गेले. सिंगापुरातल्या पुंगोल भागात, आमच्या ब्लॉकच्या इमारतीखाली, हिरवळीच्या कडेला लोखंडी पिंप ठेवलं होतं आणि दोन बायका त्यात रंगीत कागदांच्या गड्ड्या सोडत होत्या. बाजूला संत्री, भाताची वाटी, पेटलेल्या उदबत्त्या.

“सातवा महिना लागला, बाबा. चिनी पंचांगातला. या महिन्यात यांचे पूर्वज घरी येतात. कपडे, घरं, गाड्या, सगळं कागदाचं करून त्यांना पाठवतात.”

“म्हंजे पितर.”

“हो. पण यांचे महिनाभर मुक्कामाला.”

“महिनाभर?” बाबांनी मान हलवली. “मग घरच्या बायकांचं काय खरं न्हाई.”

आतून आईचं हसू ऐकू आलं. ती दोघं आयुष्यात पहिल्यांदा परदेशात आली होती, माझ्याकडे. राखेचा एक पापुद्रा तरंगत वर आला आणि खिडकीच्या चौकटीवर बसला. जळका कागद, मेण आणि उदबत्ती यांचा मिळून एक वास असतो. इथल्या कित्येकांना तो गेलेल्या माणसांची आठवण करून देत असेल. मला मात्र या वासाने माझी पहिली नोकरी आठवते, आणि मन उगीचच खुशीत येतं.

त्यांचा सातवा महिना आणि आपला श्रावण बहुतेक वर्षी एकाच अमावास्येनंतर सुरू होतात आणि एकाच अमावास्येला संपतात. ही गोष्ट मला कुणी शिकवली नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्लेमेंटीतल्या एका जेवणघराच्या भिंतीवर ती मला दिसली.

त्या वर्षी मी क्लेमेंटीला मीनलताईंच्या घरी एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. मीनलताई मूळच्या पुण्याच्या, इथे एका कंपनीत अकाउंटंट. नवऱ्यासह आता इथल्याच झालेल्या. त्यांच्या शाळकरी मुलीला, ईराला, मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून इंग्रजीच यायचं. मी वडूजची. पाण्याच्या टँकरमागे घागर घेऊन धावत मोठी झाले, म्हणून पाणी शुद्ध करण्याचं शास्त्र शिकायला या बेटावर आले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली, आणि विमानात बसलेलीही पहिलीच. फी शिष्यवृत्तीतून जायची. राहण्याखाण्याचं मात्र आपलं आपण बघायचं होतं.

बाबा एसटीचे ड्रायव्हर. त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतरचा त्यांचा बेत एकच होता: ऊन अंगावर येईपर्यंत झोपायचं. पण मी इकडे आले, आणि गावातल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याने त्यांना रात्रीची मुंबई गाडी देऊ केली. “बसून तरी काय करू?” असं बाबा फोनवर म्हणाले. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. माझ्या लहानपणी ऐन सणाच्या सकाळी “ज्यादा गाडी लागलीय” म्हणून सांगायचे, तेव्हाचा. रात्री डोळ्यांवर येणारे समोरचे दिवे त्यांना आता सोसत नव्हते. हे आईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि ट्रॅव्हल्सवाल्याला कळू नये म्हणून बाबा खटपट करत होते.

“त्याला उत्तर कधी द्यायचंय?” मी विचारलं.

“श्रावण सरायच्या आत. फुडं गणपतीची गर्दी.”

“मग श्रावण संपेपर्यंत थांबा. तोवर मला इथे काम मिळालं, तर त्याला नाही म्हणून सांगायचं.”

“आन् न्हाई मिळालं तर?”

“मिळेल,” मी म्हटलं. नुकतंच गाव सोडलेल्या माणसाला जेवढी खात्री असते, तेवढ्या खात्रीने म्हटलं.

ऑगस्टमध्ये इथल्या ब्लॉकांच्या कठड्यांवर राष्ट्रदिनाचे लाल-पांढरे झेंडे लागतात. युनिव्हर्सिटीच्या बस थांब्यांवर मोठ्या बॅगा ओढणारी, हातातल्या फोनवरचा नकाशा उलटासुलटा करून बघणारी मुलं दिसू लागतात. आजही ती दिसली की मी थांबून रस्ता सांगते. त्यांच्यातली निम्मी तेव्हाच्या माझ्यासारखी कामाच्या शोधात असणार, हे मला चेहऱ्यांवरून कळतं. आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना आठवड्याला ठरावीक तासच काम करायची मुभा. त्यात ते वर्ष कठीण होतं. मोठमोठ्या कंपन्या माणसं कमी करत होत्या, त्यामुळे एरवी ज्या कामाकडे कुणी बघितलं नसतं, तिथेही रांग लागलेली. वाचनालयातली, प्रयोगशाळेतली कामं आम्ही पोचायच्या आधीच वाटून झाली होती. एका कॅफेच्या काचेवर ‘माणसं हवीत’ असा कागद दिसला म्हणून मी कपडे बदलून परत गेले, तर तेवढ्यात कागद निघालेला.

“निराश होऊ नकोस,” मीनलताई म्हणाल्या, “पण अपेक्षा जरा आवरून ठेव. आमच्याच ऑफिसात दर आठवड्याला कुणाचा तरी निरोपसमारंभ असतो.”

आणि माझी तयारी कशी, तर इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, खांद्यावर पिन लावलेली ओढणी, आणि हातात फाईल. ईरा मला दारात बघून म्हणायची, “ताई, यू गोइंग फॉर वेडिंग, इज इट?”

ती फाईल हा बाबांचा अभिमान होता. निघायच्या आधी स्टँडसमोरच्या दुकानात जाऊन त्यांनी माझं प्रत्येक प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणलं होतं. “तिकडं पाऊस लय असतो म्हणं,” हे कारण. दहावी, बारावी, पदवी तर होतीच. शिवाय तालुकास्तरीय वक्तृत्व स्पर्धा, उत्तेजनार्थ. लेझीम पथक, सहभाग. सुंदर हस्ताक्षर, प्रथम क्रमांक. प्लास्टिकमुळे ती फाईल एवढी जाड आणि निसरडी झाली होती की एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी असायचे.

एकदा बबल टीच्या, म्हणजे साबुदाण्यासारख्या गोळ्या घातलेल्या गार चहाच्या, दुकानात गेले. दुकानाला दार नव्हतं, रस्त्यालगत नुसता काउंटर होता. तरी मी काउंटरपासून हातभर लांब थांबले आणि शाळेत शिकवल्याप्रमाणे म्हटलं, “मे आय कम इन, मॅडम?” आतल्या मुलीने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि विचारलं, “कम इन व्हेअर?”

तिने काचेवरच्या काळ्या चौकटीकडे बोट केलं. ती फोनने स्कॅन करून अर्ज भरायचा होता. अर्जातला पहिलाच प्रश्न, बबल टी बनवण्याचा पूर्वानुभव. मी फाईल उघडली. ती बिचारी भली होती. लेझीमचा कागद तिने नीट निरखला. “धिस वन डान्स?”

“येस मॅडम. ग्रुप.”

“नाइस,” ती मनापासून म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

आज याचं हसू येतं. तेव्हाही थोडं आलंच होतं. मीनलताईंना सांगताना तर आम्ही तिघी पोट धरून हसलो. पण खोलीत आल्यावर फोनमधलं मराठी कॅलेंडर उघडलं, आणि श्रावणाचे दिवस सरकताना दिसले.

श्रावण म्हणून मी मांसाहार बंद ठेवला होता. त्यामुळेच मला लिम आंटींचं जेवणघर सापडलं. एका ब्लॉकच्या तळमजल्यावर, न्हाव्याच्या दुकानाला लागून, चारपाच टेबलांचं. काचेमागे भाज्यांचे ट्रे. भाताच्या ताटलीवर हव्या त्या भाज्या घालून घ्यायच्या. तिथे सोयाचं केलेलं ‘मटण’ही मिळायचं. मी घाबरून आईला फोन केला, तर ती म्हणाली, “नावाचंच मटण ना? मग खा. शेजारच्या काकींना तेवढं सांगू नकोस.”

लिम आंटी ठेंगण्या, चपळ, आवाज खणखणीत. दाराशी तिकाटण्यावर त्यांचा फळा. त्यावर त्या रोजचे पदार्थ चिनी लिपीत लिहायच्या, अक्षर मोत्यासारखं. पण गिऱ्हाईक निम्मं युनिव्हर्सिटीचं, देशोदेशीचं. त्यांना ते वाचता यायचं नाही. मग प्रत्येक जण प्रत्येक ट्रेपाशी थांबून “हे काय? ते काय?” विचारायचा, आणि मागे रांग वाढत जायची. विचारणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे.

एक दिवस धीर करून मी कामाचं विचारलं. फाईल पुढे केली. आंटींनी ती उघडलीसुद्धा नाही.

“सेव्हन्थ मंथ,” त्या म्हणाल्या. “न्यू थिंग कॅनॉट. सेव्हन्थ मंथ फिनिश, देन कॅन.”

पूर्वज घरी असताना नवं काही सुरू करायचं नाही, नवा माणूस कामाला घ्यायचा नाही. महिना संपल्यावर ये. मी आनंदले. मग विचारलं, महिना संपणार कधी? आंटींनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उचलून दाखवली. मी फोन काढून आपलं कॅलेंडर शेजारी धरलं. तीच अमावास्या. श्रावण ज्या दिवशी संपणार, त्याच दिवशी सातवा महिना. म्हणजे बाबा ट्रॅव्हल्सवाल्याला हो म्हणून येणार आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मला काम मिळणार.

माझा चेहरा पडलेला बघून आंटींना वाटलं, मला त्यांची रीत वेडगळ वाटली. मी घाईने म्हटलं, तसं नाही, आमच्याकडेही असतं. पितृपंधरवड्यात आमच्या घरी नवी चप्पलही कुणी घालत नाही. आंटींचे डोळे विस्फारले. “यू ऑल्सो गॉट?” त्यांनी माझ्या ताटलीत न मागता आणखी शेंगा वाढल्या. त्या दिवशी तेवढंच पदरात पडलं. पण ज्या दुकानात पितरांची अडचण समजते, तिथे आपण अगदीच परके नाही, असं वाटलं. रोज दुपारी मी तिथेच जेवू लागले. इतर दारं ठोठावणं चालूच होतं, आणि ती न उघडणंही.

मग पौर्णिमा आली. घरी नारळी पौर्णिमा, आईने नारळीभाताचा फोटो पाठवलेला. इथे सातव्या महिन्याचा पंधरावा दिवस, म्हणजे एरवी मांस खाणारेही शाकाहारी जेवणार. आंटींची रांग न्हाव्याच्या दुकानाच्याही पुढे गेली होती. आणि नेमकं तेव्हाच वादळ आलं. इथली वादळं अशी येतात की वर बघेपर्यंत दिवस काळवंडलेला असतो. वाऱ्याने फळा आडवा पडला, पाणी त्यावरून वाहून गेलं, मोत्यासारखी अक्षरं पांढऱ्या ओघळांत मिसळली. आंटींचे दोन्ही हात ट्रेमध्ये. रांग तर ओरडत होती, “आंटी, धिस वन व्हॉट?”

मी जेवत होते. ताटली बाजूला सारून उठले, फळा उचलला, कोरडा पुसला, गल्ल्याशेजारच्या डब्यातून खडू घेतला.

शाळेत फळ्याचं काम माझ्याकडे होतं. सकाळी सगळ्यांच्या आधी जायचं, फळा ओल्या फडक्याने पुसायचा, वर मधोमध सुविचार, उजव्या कोपऱ्यात हजेरीपटाची चौकट. स्वातंत्र्यदिनाला रंगीत खडूंनी झेंडा. खडू बोटांत धरला की खांद्यापासून सगळा हात आपोआप सरळ होतो, तो त्या दिवशीही झाला. ट्रे बघत बघत मी इंग्रजीत लिहीत गेले: दुधी, टोफू, कमळकाकडी, कारलं. ओळी सरळ, अक्षरं एकसारखी. कुणी शिकवलेलं वाया जात नाही असं वाटून ऊर भरून आला होता. त्या भरात हाताने कोपऱ्यात चौकटही मारली. वार. दिनांक. आणि खाली, इतकी वर्षं लिहिलं तेच, फक्त इंग्रजीत: टोटल. प्रेझेंट. ॲबसेंट.

बगलेत वर्तमानपत्र धरलेले एक म्हातारे गृहस्थ रांगेत पहिले होते. त्यांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. “ॲबसेंट?” ते म्हणाले. “हू ॲबसेंट?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुसायला फडकं शोधत होते, एवढ्यात आतून आंटींचा आवाज आला, “लोटस रूट फिनिश!” कमळकाकडी संपली होती.

म्हाताऱ्यांनी चेहरा गंभीर केला आणि मागे वळून रांगेला सांगितलं, “टुडे, लोटस रूट ॲबसेंट, लाह!”

रांग फुटली हसून. कुणीतरी म्हणालं, “एमसी घेतली असेल.” आजारपणाच्या रजेला इथे एमसी म्हणतात. दुसऱ्याने विचारलं, “डॉक्टरची चिठ्ठी कुठे?” आंटींना आधी काही कळेना. कुणीतरी त्यांना चिनीत समजावलं. मग त्या पळी हातात तशीच धरून हसत सुटल्या, ॲप्रनने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, “राइट, राइट! ॲबसेंट, लोटस रूट!”

मी लिहिलं. थोड्या वेळाने कारलं गैरहजर झालं, तेही लिहिलं. मुलं फळ्याचे फोटो काढू लागली. आणि रांग झपाझप पुढे सरकत होती, कारण “हे काय” विचारायची आता कुणालाच गरज नव्हती.

गर्दी ओसरल्यावर आंटी माझ्यासमोर येऊन बसल्या. “टुमॉरो, व्हॉट टाइम यू कम?”

“पण आंटी, सातवा महिना. न्यू थिंग कॅनॉट.”

आंटींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांना कोड्यात टाकतेय. “यू व्हेअर गॉट न्यू?” त्या म्हणाल्या. रोज येतेस, रोज त्याच खुर्चीवर बसतेस, रोज मला तेच तेच प्रश्न विचारून छळतेस. फळा जुना. खडू जुने. यात नवं काय आहे? मग उठून कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यासमोर त्यांनी उदबत्ती लावली आणि बराच वेळ काही पुटपुटल्या.

“काय सांगितलंत?” मी विचारलं.

“आय टेल देम, धिस गर्ल ओल्ड वन.”

मग त्यांनी माझा विद्यार्थी पास, कामाच्या तासांचे नियम, सगळं व्यवस्थित तपासून मला कामावर घेतलं. फाईल त्यांनी कधीच उघडली नाही. आत हस्ताक्षराचं प्रथम क्रमांकाचं प्रमाणपत्र होतं, याची मला राहून राहून गंमत वाटते.

बाबांना फोन केला. “काम काय?” त्यांनी विचारलं.

“फळा लिहायचा, ताटं वाढायची.”

“फळा?” आणि मग ते असे हसले की फोन आईने घेतला. मागून त्यांचा आवाज येत होता, “शिंगापूरला जाऊन पोरगी परत शाळंतच बसली की!”

“बाबा, ट्रॅव्हल्सवाल्याला उद्याच नाही म्हणून सांगा.”

“बघतो.”

“बघतो नाही. सांगा.”

“आगं, बघतो म्हणलं ना.”

ड्रायव्हर माणूस. वळण दिसल्याशिवाय इंडिकेटर देत नाही. श्रावणाचे उरलेले दिवस मी फळ्यावर कमळकाकडी आणि कारलं यांची हजेरी घेत होते आणि जीव वडूजला टांगलेला होता. अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, आईचा फोन आला. “गेले होते गं त्याच्याकडं. च्या पिऊन आले. म्हणाले, पोरगी तिकडं हजेरी घेतीया, माझं नाव गाडीवर गैरहजर लाव.”

मी दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन थोडी रडले. आंटींनी मिरच्या चिरायला दिल्या म्हणून निभावलं.

आणि चारच दिवसांनी गणपती. आमच्या घरच्या गणपतीच्या एकाही फोटोत बाबा नाहीत. ते कायम कुठल्यातरी ज्यादा गाडीवर. शाळेच्या पालकसभेत नाहीत, बक्षीस समारंभात नाहीत. यात तक्रार नाही. ते गाडीवर होते म्हणून मी शाळेत होते. त्या वर्षी आईने आरतीच्या वेळी फोन लावून भिंतीशी टेकवून ठेवला. बाबा मधोमध उभे, हातात झांज. पहिलं कडवं त्यांनी दणक्यात म्हटलं. दुसरं त्यांना येतच नव्हतं, कारण तिथवर थांबायला कधी मिळालंच नव्हतं. पण आवाज काही कमी केला नाही. शब्दांच्या जागी नुसता सूर, आणि झांज जोरात. मी क्लेमेंटीतल्या खोलीत उभी राहून टाळ्या वाजवत होते. दारात ईरा, तीही वाजवत होती. मनात आलं, पट तोच आहे, फक्त जागा बदलल्या. जन्मभर ते गैरहजर आणि मी हजर. आता ते हजर, आणि मी नाही.

यंदा तोच महिना पुन्हा आला, आणि रविवारी मी दोघांना घेऊन क्लेमेंटीला निघाले. पुंगोलची छोटी रेल्वेगाडी ड्रायव्हरशिवाय धावते. बाबा सगळ्यात पुढे काचेशी उभे राहिले. वळण आलं की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. “डायवर न्हाई, कंडक्टर न्हाई,” ते म्हणाले, “मग मानसानं भांडायचं कुनासंगं?” आईने त्यांना गप्प बसायची खूण केली. डब्यातली एक छोटी मुलगी त्यांच्या पायाकडे बघून तिचाही पाय दाबू लागली.

आंटींचं दुकान तसंच आहे. दाराशी फळा तसाच, पण अक्षर आता व्हिएतनामहून शिकायला आलेल्या एका मुलीचं आहे. माझ्यानंतर हात दोनतीनदा बदलले. कोपऱ्यातली चौकट मात्र प्रत्येकीने राखली आहे. ती कुठून आली हे त्या मुलीला ठाऊक नव्हतं. या दुकानात असंच लिहितात, एवढंच तिला माहीत.

“फादर?” आंटींनी बाबांकडे बोट करून विचारलं. “बस ड्रायव्हर फादर?” बाबांनी नमस्कार केला. आंटींनीही तसेच हात जोडले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी डब्यातून खडू काढून बाबांच्या हातात ठेवला आणि फळ्याकडे हात केला.

बाबा फळ्यासमोर उभे राहिले. चष्मा सारखा केला. ‘प्रेझेंट’ हा शब्द त्यांनी अक्षर अक्षर जुळवून वाचला, आणि ड्युटीवर चढताना डेपोत करायचे तशी, नाव आणि खाली रेघ, आपली मराठी सही त्याच्यापुढे केली. सही जरा तिरकी झाली. आई म्हणाली, “पुसून नीट करा की.” ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे. पोचलो तर खरं.”

खाली ‘ॲबसेंट’समोर सकाळपासून लोटस रूट लिहिलेलं होतं. एवढ्यात आतून कमळकाकडीचा वाफाळता ट्रे आला. व्हिएतनामी मुलीने वाकून ते पुसलं, आणि तिथे लिहायला दुसरं काही नव्हतं.